वाटेचा हक्क

फजरची नमाज आटोपून आम्ही मशिदीबाहेर येतो तेव्हा पूर्वेकडे नुकते फटफटू लागलेले असते. आमच्यातले पन्नाशी ओलांडलेले चालतात, त्यांच्याहून तरुण असलेले धावतात, आणि भरतीची तयारी करणारी पोरे तर आमच्या आधीच कबरस्तानाच्या भिंतीपाशी अंग मोकळे करीत उभी असतात. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. कबरस्तानापासून गाडवाट धरायची, दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागांमधून पाटापर्यंत जायचे, मोरी ओलांडून पुढे कोरडवाहू शिवारातली पायवाट पकडायची, नाला उतरून बरडावर चढायचे आणि जंगलाची हद्द दिसली की मागे फिरायचे. परत येताना पाटाच्या कडेचा रस्ता. हा आमचा रोजचा फेरा.

वाटेत दुधाचे कॅन घेऊन येणारे एक शेतकरी भेटतात. गाव त्यांना आप्पा म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांचा रोजचा प्रश्न ठरलेला: "काय गुरुजी, कुठे निघाले?" आमचे उत्तरही ठरलेले: "कुठे नाही आप्पा, असेच."

हे 'असेच' म्हणताना आम्हाला पूर्वी काही वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून या एका शब्दापाशी आम्ही अडखळतो. कारण शिवारातली वाट 'असेच' जाण्यासाठी पडलेली नाही. तिच्यावरून बैलगाडी जाते, मजूर बाया निंदणीला जातात, गुरे चरायला जातात, केळीचे घड बाहेर येतात. प्रत्येकाचे काहीतरी काम असते. आमचे काही काम नसते. जिथून निघालो तिथेच आम्ही परत येतो. मग ज्याला कुठे पोहोचायचेच नाही, त्याला दुसऱ्याच्या शेतातल्या वाटेवर काही हक्क आहे का? आणि असला, तर तो कोणी दिला?

प्रसंग साधाच आहे. कोरडवाहू शिवारातली जी पायवाट आम्ही धरतो ती आप्पांच्या दोन एकरांच्या कडेने जाते. हिवाळ्याचे दिवस होते, हरभरा घाट्यांवर आला होता. एका पहाटे पाहतो तर वाटेच्या तोंडावर बोरीच्या काट्या टाकलेल्या. पोरे थांबली. एक जण म्हणाला, "उडी मारून जाऊ." दुसरा म्हणाला, "काट्या बाजूला फेकू. वाट काय याच्या बापाची आहे?" आम्ही मोठ्यांनी त्यांना आवरले आणि त्या दिवशी मोरीवरूनच परत फिरलो. पण त्या पोराचा प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. वाट खरोखर कोणाच्या बापाची असते?

पोरांची बाजू आधी मांडतो, कारण त्यांचे धावणे आमच्यासारखे तब्येतीपुरते नाही. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. 2022 पासून सुरू झालेल्या अग्निवीर भरतीतही 1600 मीटरच आहेत. काही सेकंदांनी गुण कमी होतात आणि दोन-चार गुणांनी नोकरी जाते. तालुक्याच्या गावी मैदान आहे, पण तिथे रोज जायला मोटारसायकलचे पेट्रोल लागते. म्हणून पोरांनी सायकलच्या चाकाचे फेरे मोजून कबरस्तानाच्या भिंतीपासून बरडावरच्या पळसापर्यंत 1600 मीटर ठरवले आहेत. त्या पळसाला हात लावला की मोबाइलमधले घड्याळ थांबते. आप्पांची पायवाट नेमकी या अंतराच्या मधोमध येते.

या धावण्याची किंमत आपण ऐकलेली आहे. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचे प्राण गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी उन्हाबद्दल आणि व्यवस्थेबद्दल लिहिले. पण त्या रांगेत उभे राहण्याआधी ही पोरे कुठल्या कुठल्या बांधांवरून, पाटांवरून, डांबरी रस्त्यांच्या कडेने वर्षानुवर्षे धावलेली असतात याची नोंद कुठे नसते. आमच्या मोहल्ल्यात सातबारा असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कोणी पिंजारी, कोणी तडवी, कोणी केळीच्या गाडीवर हमाल, कोणी टपरीवाला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याने पाय टेकला की तो एकतर सरकारच्या जमिनीवर पडतो नाहीतर दुसऱ्याच्या. असा माणूस धावणार कुठे? जमीनवाल्याचे पोर आपल्या बांधावर धावेल. भूमिहीनाच्या पोराला वाटच लागते.

आता आप्पांची बाजू. महसुलाच्या गावनकाशात पायवाट एकेरी तुटक रेषेने आणि गाडवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात. पायवाटेची रुंदी सव्वा आठ फूट धरण्याचा रिवाज आहे. ती सहाशे फूट लांब असेल तर जवळजवळ पाच हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेचार गुंठे झाले. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. त्यातले साडेचार गुंठे पायाखाली देणे ही लहान गोष्ट नाही. वाटेपुरतेच पाय पडले असते तर आप्पांनी काट्या टाकल्याही नसत्या. पण दोघे शेजारी धावले की एकाचा पाय सरीत जातो. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो किलोने चिकटते, म्हणून पोरे चिखल टाळायला पिकाकडे सरकतात. धावताना हात सहज खाली जातो आणि हरभऱ्याची चार झाडे उपटून खाल्ली जातात. आपल्याकडे हरभरा खाणे चोरी धरत नाहीत, पण वीस पोरांनी रोज चार झाडे उपटली तर आप्पांना ती चोरीच वाटणार. शिवाय ठिबकच्या नळीवर पाय पडून ती दोनदा फाटली होती. नळी कोणी फाडली हे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

म्हणजे भांडण श्रीमंत आणि गरीब यांच्यातले नव्हते. एका बाजूला जमीन नसलेला आणि दुसऱ्या बाजूला दोन एकरांचा धनी. दोघांचेही पोट त्या वाटेवर होते.

आमच्यातले एक जण तहसील कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम 143 आहे, पण ते शेतकऱ्याला दुसऱ्याच्या हद्दीवरून आपल्या शेतात जाण्यासाठी आहे. ज्याला शेतच नाही त्याच्या ते कामाचे नाही. आणि 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. त्याचे सार असे की एखादी वाट कोणी उघडपणे, शांतपणे, अडथळ्याविना आणि हक्क समजून वीस वर्षे वापरली तर तिच्यावर हक्क निर्माण होतो.

"हक्क समजून, हे शब्द लक्षात ठेवा," ते म्हणाले. "परवानगी घेऊन वापरलीत तर पन्नास वर्षे वापरा, हक्क मिळणार नाही."

हे ऐकून आम्ही चकित झालो. लहानपणापासून आम्हाला शिकवले गेले की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावे. आणि कायद्याच्या दृष्टीने जो विचारतो तो कायमचा पाहुणा ठरतो, तर जो न विचारता चालत राहतो तो एक दिवस हक्कदार होतो. यामागचे कारण कळते. मालकाने भलेपणाने जाऊ दिले म्हणून त्याची जमीन जाऊ नये, नाहीतर कोणी कोणाला जाऊच देणार नाही. म्हणजे मालकाचा भलेपणा टिकावा म्हणून केलेला हा नियम आहे. पण चालणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर सभ्यतेने हक्क बुडतो आणि बेपर्वाईने तो पिकतो. सज्जनाने काय करावे?

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, हक्क आणि मुभा. दोन्ही अरबीतून आपल्याकडे आले. मुभा हा मूळचा मुबाह. आपल्या शरियतीत जे फर्जही नाही आणि हरामही नाही, केले तर सवाब नाही आणि सोडले तर गुनाह नाही, अशा कामाला मुबाह म्हणतात. सकाळी मोकळ्या वाटेवर धावणे हे असेच मुबाह काम. मराठीत येता येता मात्र मुभा म्हणजे दुसऱ्याने दिलेली सूट असा अर्थ झाला. मुळात जे कोणी अडवलेलेच नव्हते त्यालाही आता देणारा लागतो. आमच्या शिवाराचेही तसेच झाले आहे. बागायत वाढली, जमिनीला भाव आला, दरवर्षी नांगर एकेक वीत गाडवाटेत सरकत गेला, आणि जिथे कोणी विचारत नव्हते तिथे आता विचारावे लागते.

यावर आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, गावनकाशा काढा, मोजणी आणा, दावा टाका. रस्ता ही काही भीक नाही. या लोकांच्या म्हणण्यात वजन होते. रस्त्यावरून चालू देणे हा ज्यांना क्षुल्लक प्रश्न वाटतो त्यांनी केरळातला वायकोम सत्याग्रह आठवावा. 1924 मध्ये तिथे देवळाच्या आत जाण्यासाठी नव्हे, तर देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी माणसे तुरुंगात गेली. कोणाला वाट द्यायची आणि कोणाला नाही हे ठरवण्याची ताकद ज्याच्या हाती असते, गावावर राज्य त्याचेच असते. दुसरा तट म्हणे, आप्पा म्हणजे वायकोमचे रखवालदार नव्हेत. त्यांनी आपल्याला आपण कोण आहोत म्हणून अडवले नाही, आपण काय केले म्हणून अडवले. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. माणसाच्या जातीधर्मावरून अडवलेली वाट आणि माणसाच्या वागणुकीवरून अडवलेली वाट यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

हा प्रश्न आमच्याच गावाचा आहे असेही नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरून मौजेखातर चालणाऱ्याचा हक्क कितपत मानायचा याचा विचार इतर देशांनीही केला आहे. स्वीडनमध्ये रानावनात कोणीही हिंडू शकतो अशी जुनी रीत आहे आणि 1994 पासून ती त्यांच्या राज्यघटनेत आली. स्कॉटलंडने 2003 मध्ये कायदा करून बहुतेक जमिनींवरून चालण्याधावण्याचा हक्क सर्वांना दिला. कुठे जायचे आहे असे तो कायदा विचारत नाही, फिरण्यासाठी फिरणेही त्याला मान्य आहे. पण त्यात दोन अटी आहेत. उभ्या पिकातून जाता येत नाही, आणि हा हक्क जबाबदारीने वापरणाऱ्यालाच असतो. अर्थात तिकडे एकेका जमीनदाराकडे हजारो एकर असतात. त्यातून चार माणसे गेली तर त्याच्या ताटातले काही कमी होत नाही. आप्पांचे होते. म्हणून तो कायदा जसाच्या तसा आमच्या शिवारात उतरवता येणार नाही. त्यातली अट मात्र उतरवता येईल.

आणि ती अट आम्हाला परकी नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. प्रेषितांनी आपल्या सोबत्यांना रस्त्यात बसू नका असे सांगितले. ते म्हणाले, आम्हाला तिथे बसून बोलल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की मग रस्त्याला त्याचा हक्क द्या. तो हक्क कोणता? नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, चांगल्याची शिफारस करणे आणि वाइटापासून रोखणे.

ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तिच्यातली गोम आम्हाला त्या काट्यांनी दाखवली. आम्ही महिनाभर 'वाटेवरचा हक्क' या विषयावर वाद घालत होतो, आणि इथे 'वाटेचा हक्क' म्हटले आहे. म्हणजे वाटेवर आमचा काही हक्क असेल तर असेल, आधी आमच्यावर तिचा आहे. आम्ही तो कधी दिला होता का? नळी फाटली तेव्हा गप्प राहिलो. पोरे हरभरा उपटत होती तेव्हा हसलो. नाल्याच्या उतारावर पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या पडल्या होत्या, त्या ओलांडून गेलो. वाटेवरची त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची एक शाखा आहे हे आम्ही वाझमध्ये ऐकतो. पण त्या बाटल्या आमच्याच होत्या.

या हदीसमधली पहिली अट आम्हाला आणखी एका प्रश्नापाशी घेऊन गेली. आमच्या गावातल्या तीन मुली भरतीची तयारी करतात. त्यांतल्या दोन आमच्या मोहल्ल्यातल्या आहेत. त्या पोरांबरोबर गाडवाटेने येत नाहीत. त्या पाटाच्या कडेने, अंधार असतानाच धावतात आणि उजाडण्याच्या आत घरी जातात. का, तर मोरीच्या कठड्यावर सकाळी काही लोक बसलेले असतात. त्यात तरणेही असतात आणि आमच्या वयाचेही. कोणी काही बोलत नाही, फक्त पाहतात. एका मुलीच्या अब्बांनी आम्हाला सांगितले, "लोक काय म्हणतील म्हणून मी तिला बंद करणार होतो."

आम्ही त्यांना विचारले, नजर खाली ठेवण्याची अट कोणाला घातली आहे? रस्त्यात बसणाऱ्याला. रस्त्याने जाणाऱ्याने घरी बसावे असे तिथे म्हटलेले नाही. मग बसणाऱ्यांना उठवायचे सोडून आपण धावणारीला का बसवतो? आणि धावणे म्हणाल तर अबू दाऊदच्या संग्रहात हजरत आयेशांची हकीकत आहे. प्रवासात त्यांनी आणि प्रेषितांनी पायी शर्यत लावली आणि हजरत आयेशा जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा त्या हरल्या, आणि मागच्या शर्यतीची ही परतफेड असे प्रेषित म्हणाले. ही हकीकत आमच्याकडे नवरा-बायकोच्या प्रेमाचा दाखला म्हणून सांगतात. तिच्यात एक स्त्री मोकळ्या माळावर धावते आहे हे कोणी सांगत नाही. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातली कविता राऊत 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली. तीही अशाच वाटांवर धावून मोठी झाली. तिच्या पाड्याने तिला वाट दिली नसती तर ते पदक कुठून येणार होते?

सध्या आम्ही एवढेच केले आहे की मोरीच्या कठड्यावर बसणे सोडले आहे. आम्ही उठल्यावर बाकीचेही हळूहळू उठले. मुली अजून अंधारातच धावतात. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागेल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

अंधाराचा विषय निघाला म्हणून जंगलाबद्दलही बोलले पाहिजे, कारण आमचा फेरा जंगलाच्या हद्दीला जाऊन भिडतो. बरडाच्या पलीकडे अंजन, सालई आणि सागाचे रान सुरू होते. आणखी वर 1969 मध्ये जाहीर झालेले यावल अभयारण्य. या रानातल्या पायवाटा वनखात्याने आखलेल्या नाहीत. तडवी आणि पावरा लोकांच्या पायांनी, मोहाची फुले आणि टेंभुर्णीची पाने गोळा करणाऱ्या बायांनी, आणि जनावरांनी त्या पाडल्या. आमच्यातले तडवी भाऊबंद म्हणतात, आमच्या आजोबांची वाट होती ती, आणि आता तिथे जायला परवाना लागतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या या वहिवाटीला प्रथमच कायद्याची जागा दिली. वहिवाट या शब्दाकडे नीट पाहिले की त्यातही वाट दिसते.

मात्र जंगलात वाटेचे भागीदार माणसेच नसतात. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या परिसरात वाघ आहेत आणि ते केळीच्या बागांमध्येही येतात. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या भागात एका बिबट्याने अनेक माणसे मारली आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या हिवाळ्यात इतक्या दूर आमच्या गावातही पहाटेचे धावणे बंद पडले होते. तेव्हापासून आमचा नियम आहे की नीट उजाडल्याशिवाय नाला ओलांडायचा नाही. भीतीपोटी केलेला नियम आहे खरा, पण त्यात न्यायही आहे. रात्रीची वाट त्यांची, दिवसाची आमची. मुलींना अंधारात धावावे लागते याची टोचणी आम्हाला या कारणानेही आहे. माणसाच्या नजरेला भिऊन त्यांनी जनावराच्या वेळेला बाहेर पडावे, ही आमच्या गावाला शोभणारी गोष्ट नाही.

जंगलाशी वाटेचा हिशेब कसा चुकता करावा हे पाहायचे असेल तर शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जावे. उघड्या पडलेल्या डोंगरावर तिथल्या आदिवासींनी 1990 नंतरच्या वर्षांत स्वतःच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लावली. झाड तोडणाऱ्याला दंड ठेवला, पाळीपाळीने राखण केली. आज तिथे हजार एकरांहून जास्त रान उभे आहे. त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या विषयापुरते सांगायचे तर बारीपाड्याच्या लोकांनी आधी रानाचा हक्क दिला, मग रानावरचा हक्क मागितला. त्यांना तो मिळाला तेव्हा कोणी 'तुम्ही कोण' असे विचारू शकले नाही.

आता आप्पांकडे वळतो. काट्या पडल्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. वाट मागायला गेलो नाही आणि हक्क सांगायलाही नाही. फाटलेल्या नळीचे पैसे घेऊन गेलो. आप्पांनी चहा ठेवायला सांगितला आणि पैशांकडे पाहिले नाही. बराच वेळ केळीच्या भावावर बोलणे झाले. मग ते म्हणाले, "गुरुजी, पोरं पळू द्या. माझा नातूही पुढच्या वर्षी पळणार आहे. पण पीक पाहून पळा." पैसे घेतले नाहीत. तेव्हा पोरांनी दुसऱ्या रविवारी जाऊन वाटेच्या कडेने दगड मांडले, नाल्यातला कचरा उचलला आणि ठिबकची मुख्य नळी वाटेखाली पुरून दिली. हरभरा निघेपर्यंत एकामागे एक, रांगेने धावायचे असे ठरले. काट्या आप्पांनी स्वतः काढल्या.

गोष्ट इथे संपवली असती तर बरी दिसली असती. पण आमच्या निवृत्त कारकुनांनी त्या दिवशी परत येताना जे म्हटले ते सांगितले नाही तर अप्रामाणिकपणा होईल. ते म्हणाले, "आजपासून आपण परवानगीने धावतो आहोत. म्हणजे आपला हक्क गेला. आप्पा भले आहेत. पण आप्पा सत्तरीचे आहेत. उद्या नातवाने शेत विकले आणि कोणी शहरातला घेणारा तारेचे कुंपण घालून बसला तर त्याला आपण काय दाखवणार? पुरलेली नळी?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. भलेपणा वारसाने मिळत नाही आणि सातबाऱ्यावर चढत नाही. आपल्या समाजाला तर याचा अनुभव जास्तच आहे. शेजाऱ्याच्या प्रेमावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाट एखाद्या सकाळी बंद झालेली आपण पाहिली आहे. तेव्हा प्रेमाची आठवण करून देऊन भागत नाही, कागद लागतो. म्हणून आम्ही आता ग्रामसभेत अर्ज दिला आहे की गावनकाशातल्या सर्व गाडवाटा आणि पायवाटा मोजून त्यांची नोंद व्हावी. शेतरस्त्यांसाठी शासनाने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तिच्यात आमची गाडवाट बसावी असेही मागितले आहे. अर्जावर आप्पांची सही आहे. ती घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी थोडा वेळ कागद हातात धरून ठेवला. साडेचार गुंठ्यांचा प्रश्न होता. मग सही केली आणि म्हणाले, "माझ्यानंतर भांडू नका म्हणजे झालं."

आमचे मत विचाराल तर ते असे. वाटेवरचा हक्क कागदावर यावा, कारण दुबळ्याला दुसरा आधार नसतो. पण तो कागदावर येण्याआधी आणि आल्यानंतरही वाटेचा हक्क रोज पायांनी फेडावा लागतो. पहिला न मिळाल्यास माणूस लाचार होतो. दुसरा न दिल्यास तो दांडगा होतो. आणि ज्याला कुठे जायचे नाही, नुसतेच धावायचे आहे, त्याने तर तो दुप्पट फेडला पाहिजे, कारण कामाची सबब सांगण्याचीही त्याला सोय नाही.

अर्जाचे अजून काही झालेले नाही. पोरांपैकी एक जण भरती झाला, बाकीचे धावत आहेत. रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन आप्पा समोरून येतात. प्रश्न तोच असतो आणि आम्हीही 'असेच' म्हणतो. फक्त आता म्हणताना थांबतो, त्यांच्या सायकलला वाट देतो, आणि मग पुढे निघतो.